कारखान्याचा प्रश्न विद्यापीठात नेताना : खान्देशातल्या उद्योजकासाठी पायरीपायरीने

शाल, श्रीफळ, उघडी फाइल धरलेले दोन हात आणि मागे फ्लेक्स. सामंजस्य कराराचा, म्हणजे एमओयूचा, फोटो असा असतो. दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून कोणी कोणाला फोन करायचा आणि काय मागायचे, हे मात्र त्या फाइलीत लिहिलेले नसते. एमओयू म्हणजे ‘आपण मिळून काम करू’ एवढा शब्द दिलेला असतो. त्यात काम ठरत नाही, पैसा ठरत नाही, तारीखही ठरत नाही. म्हणून इथे सुरुवात एमओयूपासून केलेली नाही, तो शेवटी झाला तरी चालतो.

डाळमिल, तेलमिल, जिनिंग, पीव्हीसी पाइप, चटई, मिरची किंवा केळीप्रक्रिया यांपैकी काही चालवणाऱ्या, पण विद्यापीठाची पायरी कधी न चढलेल्या माणसासाठी हा लेख आहे. असा पहिला फोन ज्यांना येतो त्या नव्या प्राध्यापकांनाही यातले बरेच कामाला येईल. उदाहरण मुख्यतः तुरीच्या डाळीचे घेतले आहे. जळगावात तो जुना धंदा आहे आणि त्यातला प्रश्न तराजूवर दिसतो.

आधी ठरवा : काम चारपैकी कोणते?

‘विद्यापीठाकडून काम करून घ्यायचे’ या वाक्यात चार वेगळी कामे लपलेली असतात.

पहिले टेस्टिंग. नमुना द्या, फी भरा, रिपोर्ट घ्या. करार लागत नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारा : या लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, आणि ती याच चाचणीसाठी आहे का? मान्यता चाचणीनिहाय असते. एका चाचणीची आहे म्हणून दुसरीची धरता येत नाही. मान्यता नसलेला रिपोर्ट तुम्हाला स्वतःला समजून घ्यायला उत्तम, पण परदेशी खरेदीदारापुढे तो टिकत नाही.

दुसरा सल्ला, म्हणजे कन्सल्टन्सी. उत्तर साधारण माहीत आहे, फक्त तुमच्या कारखान्यात बसवून हवे आहे, तेव्हा हा मार्ग. तिसरा विद्यार्थी प्रकल्प : एम.एस्सी. किंवा बी.टेक.च्या शेवटच्या सत्रातले चार-पाच महिने. खर्च कमी, पण मे महिन्यात मुलगा किंवा मुलगी पास होऊन निघून जाते, हे धरूनच प्रश्न द्यायचा. चौथे प्रायोजित संशोधन. उत्तर कोणालाच माहीत नसते, वर्ष-दोन वर्षे लागतात आणि हवे तेच उत्तर मिळेल याची हमी कोणी देत नाही, देऊही नये.

गफलत बहुतेकदा इथेच होते. उद्योजकाला सल्ला हवा असतो, तो बोलतो ‘रिसर्च’. प्राध्यापकाला पीएच.डी.चा विषय दिसतो. सहा महिन्यांनी एकाच्या हातात शोधनिबंधाचा मसुदा असतो, दुसरा विचारतो की साल काढणारा रोलर कधी बदलायचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने टेस्टिंगपासून सुरू करावे, जमले तर एक विद्यार्थी प्रकल्प द्यावा आणि मगच लाखांचा करार करावा. पाचपन्नास हजारांत कळते की समोरचा माणूस फोन उचलतो की नाही.

पायरी १ : प्रश्न एका पानावर लिहा

पहिल्या भेटीतले बोलणे साधारण असे असते.

“शेठ, तुमची रिकव्हरी किती?”

“बहात्तर-त्र्याहत्तर.”

“कशावरून?”

“तीस वर्षं मिल चालवतोय सर.”

रिकव्हरी म्हणजे १०० किलो तुरीतून किती किलो डाळ निघते ते. तीस वर्षांचा अंदाज खोटा नसतो, पण त्यावर संशोधन उभे राहत नाही. तुरीच्या दाण्यात साल साधारण १२ ते १५ टक्के असते. म्हणजे सगळे निर्विघ्न झाले तर डाळ ८५ च्या आसपास निघायला हवी. पारंपरिक मिलमध्ये ती ७० ते ७५ निघते. मधला फरक चुनी (दळताना पडणारा बारीक चुरा), तुकडा आणि भुकटीत जातो. तुरीची साल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते. म्हणून तर तेल देणे, पाणी देणे, ढीग लावून मुरवणे आणि वाळवणे हा सगळा खटाटोप. आता ‘बहात्तर’ हा आकडा जवळून बघा.

तूर आली तेव्हा तिच्यात १३ टक्के ओलावा होता. डाळ भरली तेव्हा ९ टक्के. म्हणजे १०० किलो तुरीत कोरडा ऐवज ८७ किलो. तोच ऐवज ९ टक्के ओलाव्याला आणला की वजन ९५.६ किलो भरते. एकही दाणा न फुटता ४.४ किलो नुसते पाणी उडाले. ७२ किलो डाळ मिळाली असेल तर तिच्यातला कोरडा ऐवज ६५.५ किलो, आणि ८७ शी भागले की खरी रिकव्हरी निघते ७५.३ टक्के. ज्या मिलमध्ये तूर १० टक्क्यांवर येते तिथला ‘बहात्तर’ आणि हा ‘बहात्तर’ एक नव्हेत. ओलावा न लिहिता दोन मिलची तुलना करणे म्हणजे एकाने मापटे शिगोशीग भरायचे आणि दुसऱ्याने काठोकाठ.

पानावर पाच गोष्टी याव्यात : माल कोणता, सध्याचा आकडा किती आणि कसा मोजला, कुठे पोहोचायचे आहे, काय बदलायचे नाही, आणि किती पैसा-वेळ आहे. नमुना असा :

‘स्थानिक तूर आणि आयात केलेली लेमन तूर वेगवेगळी दळतो. स्थानिक तुरीत क्विंटलमागे चुनी व तुकडा मिळून १२ किलो जातो, तीन लॉटची नोंद सोबत. तो ९ किलोवर आणायचा आहे. वाळवण अंगणातच राहील. मशिनवर ५ लाखांपुढे खर्च नको. डाळीला तेलाचा वास येता कामा नये. पुढच्या हंगामाआधी उत्तर हवे.’

‘काय बदलायचे नाही’ ही ओळ सगळ्यात मोलाची आणि तीच नेमकी विसरली जाते. ती नसली की लॅबमधून ‘यांत्रिक ड्रायर बसवा’ असे उत्तर येते. शास्त्राने बरोबर, तुमच्या खिशाला चूक.

पायरी २ : आजची स्थिती मोजा, नमुना नीट काढा

विद्यापीठात जाण्याआधी किंवा गेल्यावर लगेच, पण कोणताही बदल करण्याआधी, तीन लॉट पूर्ण मोजा. एका लॉटवर विसंबू नका.

समजा ५० किलोची १०० पोती आहेत. प्रत्येक दहाव्या पोत्यात परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई) वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी घाला, दर वेळी १०० ग्रॅम. असे ३ किलो जमतात. स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र कालवा, गोल ढीग करा, वरून दाबून सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. उरले दीड किलो. त्याचे तीन सारखे वाटे करा : एक लॅबला, एक मिलमध्ये, एक दोघांच्या सहीने सीलबंद. पुढे आकड्यांवरून वाद झालाच तर तिसरा वाटा उघडायचा.

पोत्याच्या तोंडाजवळची मूठभर तूर उचलून कापडी पिशवीतून स्कूटरवर नेली, तर लॅब प्रामाणिकपणे चुकीचा आकडा देईल. तोंडाजवळचा माल कोरडा असतो, आणि मेमध्ये, पारा ४४-४५ ला टेकलेला असताना, कापडी पिशवीतून ओलावा वाटेतच उडतो. दोन प्लास्टिकच्या झिप पिशव्या, त्या झाकणाच्या डब्यात, डबा सावलीत. चिठ्ठीवर तारीख, लॉट, माल कुठला, नमुना कोणी काढला. चिठ्ठी पिशवीच्या आत टाकू नका. आत पुसट होते.

मग लॉटमधून निघालेली प्रत्येक गोष्ट तोला : डाळ, न फुटलेला गोटा, तुकडा, चुनी, साल, काडीकचरा. बेरीज करा. ५० क्विंटल आत गेले आणि ४६ बाहेर आले, तर त्यातले सव्वादोन क्विंटल वरच्या हिशेबाप्रमाणे पाणी. उरलेले पावणेदोन कुठे? सायक्लोनच्या, म्हणजे धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या, धुळीत, एलिव्हेटरच्या तळाशी, झाडलोटीत, नाहीतर वजनकाट्याच्या चुकीत. हा हिशेब जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. कधीकधी इथेच कळते की प्रश्न रोलरचा नाही, गळतीचा आहे. मग विद्यापीठाची गरजच उरत नाही, आणि तेही चांगलेच.

पाइपवाल्यासाठी हीच पायरी म्हणजे नापास झालेल्या पाइपांची नोंद : कोणती बॅच, किती भरण (फिलर), कोणत्या तापमानाला, आयएस ४९८५ (पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे भारतीय मानक) मधल्या कोणत्या चाचणीत नापास. ‘पाइप तडकतात’ हा प्रश्न होत नाही. ‘अमुक बॅचनंतर आघात चाचणीत जास्त तुकडे नापास’ हा होतो.

पायरी ३ : दार कोणते ठोठवायचे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ १९९० चे, बहिणाबाईंचे नाव २०१८ पासून. रसायन, भौतिक, जीवशास्त्र, पर्यावरण यांच्या प्रशाळा आहेत. रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था, यूआयसीटी, आहे. अन्न, तेल, प्लास्टिक, रंग अशा धंद्यांना पहिले दार तेच. नवउद्योगांसाठीचे इनक्युबेशन केंद्रही विद्यापीठात आहे.

पण सगळ्याच प्रश्नांचे दार तिथे नाही. केळीच्या वाणाचा, लागवडीचा, रोगाचा प्रश्न असेल तर जळगावातच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे, आणि तेलबियांचेही केंद्र आहे. औषधनिर्माणाचे काम असेल तर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे फार्मसी महाविद्यालय. डाळ दळण्याच्या यंत्रांवर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आधीच बरेच काम झालेले आहे. ते न पाहता तेच संशोधन नव्याने सुरू करणे म्हणजे स्वतःच्या पैशाने जुनी विहीर पुन्हा खणणे. उपकरण जवळ नसेल तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणे शोधून वेळ घेता येते.

माणूस शोधताना पदापेक्षा गेल्या पाच वर्षांचे काम बघा. विभागाच्या पानावरून तीन नावे काढा, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, बघा. विभागप्रमुखांना पत्र द्यायचेच, तो मान आहे. पण प्रत्यक्ष काम करणारे सर किंवा मॅडम कोण, त्यांच्या हाताखाली सध्या किती मुले आहेत आणि उपकरण चालू आहे की बंद, हे लॅबमध्ये उभे राहून बघा. उपकरणावर आवरण असेल आणि त्यावर धूळ असेल तर जे समजायचे ते समजावे.

पायरी ४ : पहिली भेट आणि गुप्तता

पहिल्या भेटीत कृती सांगू नका, प्रश्न सांगा. एका पानाचा प्रश्न गुप्त नसतो. कृती, प्रमाण, गिऱ्हाईक, किंमत हे सगळे गुप्तता करारानंतर. तो करार दोन पानांत बसतो. त्यात काय गुप्त ते नेमके लिहा आणि मुदत घाला. ‘सर्व माहिती कायमची गुप्त’ असे लिहिलेले कोणी पाळत नाही. लॅबमधल्या विद्यार्थ्यांनाही तो लागू आहे हे स्पष्ट असावे, कारण नमुना हाताळणारे तेच.

प्राध्यापकांनी या भेटीत एक गोष्ट पाळावी : मिल पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. दुपारी रोल चालू असताना तासभर उभे राहिले की मुकादमाकडून जे कळते ते मालकाच्या केबिनमध्ये कळत नाही.

पायरी ५ : पैसे

समजा बारा महिन्यांचे काम आहे. प्रकल्प सहायकाचे मानधन महिना २५ हजार धरले तर ३ लाख. रसायने व काचसामान ६० हजार, बाहेरच्या चाचण्या ४० हजार, प्रवास २० हजार, लहान उपकरण ५० हजार, किरकोळ ३० हजार. झाले ५ लाख. यावर संस्थेचा ओव्हरहेड १५ टक्के धरला तर ७५ हजार, एकूण ५ लाख ७५ हजार. ओव्हरहेडवर घासाघीस करू नका. वीज, जागा, लेखा विभाग त्यातूनच चालतो, आणि तो कापला की प्राध्यापक बिचारा दर सहीला रखडतो.

आता जीएसटी. टेस्टिंग आणि कन्सल्टन्सीवर १८ टक्के धरा. वरच्या रकमेवर १८ टक्के म्हणजे १ लाख ३ हजार ५००, मिळून ६ लाख ७८ हजार ५००. ऑक्टोबर २०२४ पासून, सरकारी किंवा खासगी अनुदानातून होणाऱ्या संशोधन सेवेला सूट आहे. पण संस्था सरकारी घटक असली पाहिजे किंवा आयकर कायद्याखाली संशोधनासाठी अधिसूचित असली पाहिजे. म्हणून सही करण्याआधी विद्यापीठाच्या लेखा विभागाकडून लेखी घ्या : हे अनुदान धरणार की सेवा? पाइपवाल्याला भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो त्याच्या स्वतःच्या करातून वजा होतो, त्याचे फारसे बिघडत नाही. सुटी डाळ करमुक्त आहे, म्हणून त्या डाळमिलवाल्याला क्रेडिट नाही. त्याच्यासाठी तो लाख रुपया सरळ खर्च आहे.

टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचा, घोळही असाच होतो. कारखान्याचा अकाउंटंट सवयीने कापतो, प्रकल्पाच्या खात्यात रक्कम कमी पडते, आणि सहायकाचा शेवटचा पगार अडकतो. सूट किंवा कमी दराचे प्रमाणपत्र असेल तर ते पहिल्या हप्त्याआधी मागून ठेवा.

पैसा नेहमी संस्थेच्या खात्यावर भरा, प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर कधीही नाही, ते कितीही ओळखीचे असले तरी. हप्ते तीन ठेवा : सुरुवातीला ४० टक्के, मधल्या अहवालावर ४०, शेवटी २०. सगळा पैसा शेवटी देतो म्हटले तर विद्यापीठ माणूसच नेमू शकत नाही.

महागडे उपकरण प्रकल्पाच्या पैशातून विद्यापीठाला घ्यायला लावू नका. सरकारी खरेदीची पद्धत, कोटेशन, समिती, मंजुरी यात हंगाम निघून जातो. कारखान्याने स्वतः विकत घेऊन वापरायला द्यावे, सोबत एक पत्र : उपकरण कोणाचे, दुरुस्ती कोणाची, काम संपल्यावर कुठे जाणार.

पायरी ६ : करार

विद्यापीठाच्या वतीने सही कुलसचिवांची असते, विभागप्रमुखांची नाही. संलग्न महाविद्यालय असेल तर चालवणारी शिक्षण संस्था आणि प्राचार्य यांच्यात सहीचा अधिकार कोणाला, हे विचारून घ्या. पूर्वी जे करार १०० रुपयांच्या मुद्रांकावर होत, त्यांना महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो.

करारातली चार कलमे वकिलाच्या आधी स्वतः वाचा.

पहिले, जुने कोणाचे. तुमची आजची कृती, त्यांची आजची पद्धत, दोन्ही यादी करून परिशिष्टात जोडा. नाहीतर वर्षाने कोणालाच आठवत नाही की तेलाचे प्रमाण मिलचे होते की लॅबचे.

दुसरे, नवे कोणाचे. ‘दोघांचे निम्मेनिम्मे’ हे ऐकायला गोड आणि वागायला अवघड. भारतीय पेटंट कायद्यात सहमालक स्वतः ते वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ किंवा विकू शकत नाही. कारखाना स्वतः वापरून कमावतो, विद्यापीठाकडे मिल नाही, म्हणून त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. आणि पुढे कारखान्याला परवाना विकायचा झाला तर विद्यापीठाच्या बैठकीची वाट बघावी लागते. त्यापेक्षा मालकी एकाकडे आणि वापराचा हक्क, क्षेत्र, रॉयल्टी दुसऱ्याकडे, असे स्वच्छ लिहा. विद्यार्थी विद्यापीठाचा नोकर नसतो. शोधक म्हणून त्याचे नाव येणार असेल तर हक्क सोपवल्याचा कागद त्याच्याकडून सुरुवातीलाच घ्या. पास होऊन पुण्या-बंगळुरूला गेल्यावर सही मिळवणे कर्मकठीण.

तिसरे, प्रसिद्धी. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा, तो त्यांचा हक्कच आहे. पण पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी गोष्ट जाहीर झाली की नावीन्य गेले. कायद्यात थोडे अपवाद आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. निबंध पाठवण्याआधी ६० दिवस मसुदा कारखान्याला दाखवायचा, तेवढ्यात तात्पुरता अर्ज भरायचा, असे कलम पुरते. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. निबंधापेक्षा जास्त धोका इतर वाटांनी असतो : ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतले पोस्टर, खुली तोंडी परीक्षा, शोधगंगेवर चढलेला प्रबंध. पोस्टरवर मुलगी उत्साहाने प्रमाण छापते आणि बघणाऱ्यांत तुमचा स्पर्धकही असतो. चूक तिची नसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते.

चौथे, मधूनच थांबायचे झाले तर काय. किती दिवसांची नोटीस, सहायकाचा पगार कोण देणार, तोवरचे आकडे कोणाचे. वाद झाल्यास न्यायक्षेत्र जळगाव किंवा धुळे असे लिहा.

पेटंट खरेच हवे का, हेही विचारा. पिकाला अमुक पद्धतीने केळीच्या खोडाचा रस द्यायचा, ही शेतीची पद्धत झाली आणि ती पेटंटमध्ये बसत नाही. चार घटकांचे नुसते मिश्रणही बसत नाही, मिश्रणातून घटकांच्या बेरजेपलीकडचा गुण सिद्ध करावा लागतो. फी फार नाही : ऑनलाइन अर्ज लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थेला १,६०० रुपये, तपासणीची विनंती ४,०००. मोठी कंपनी सहअर्जदार झाली की तेच ८,००० आणि २०,०००. म्हणून उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) हाताशी ठेवा. तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज मेला, आणि हे बरेचदा घडते, कारण स्मरणपत्र कोणाच्या ईमेलवर यायचे ते ठरलेले नसते. वकिलाची फी या सगळ्याहून जास्त असते. मिलमधली मुरवण्याची वेळ किंवा रोलरची दाणेदारी बाहेरून कोणाला दिसत नसेल तर ती नुसती गुपित ठेवणे स्वस्त पडते.

पायरी ७ : दोन कॅलेंडर एकमेकांवर ठेवा

विद्यापीठाचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे परीक्षांचे. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून येते आणि अंगणातले वाळवण पावसाळ्यापर्यंतच. म्हणजे तुरीचा प्रकल्प जानेवारीत मोजायला सुरू व्हायचा असेल तर करार ऑक्टोबरपर्यंत संपला पाहिजे आणि बोलणी पोळ्याच्या सुमारास सुरू झाली पाहिजेत. नंदुरबारच्या मिरचीलाही हेच. मिरची वाळवायच्या पथाऱ्या पसरल्या की नमुने घ्यायचे. पथारी उठल्यावर आलेल्या प्राध्यापकाला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते.

केळीत हा हिशेब जास्तच कडक. मृगबाग जून-जुलैच्या लागवडीची, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपासची, आणि टिश्यू कल्चरची बाग कापणीला यायला अकरा-बारा महिने. चार-पाच महिन्यांच्या विद्यार्थी प्रकल्पात लागवडीचा प्रयोग बसत नाही, कितीही ओढला तरी. काढणीनंतरचा प्रश्न बसतो. पिकवण कक्षात १६ ते १८ अंशांना, ९० टक्क्यांवर आर्द्रता ठेवून फणीचा रंग कसा चढतो, किंवा १३ अंशांखाली गेलेल्या मालावर किती काळपटपणा येतो, हे काही आठवड्यांत दिसते.

पायरी ८ : काम चालू असताना

दोन्हीकडे एकेक माणूस नेमा. मालक आणि प्राध्यापक नव्हे. मिलचा सुपरवायझर आणि प्रकल्प सहायक. पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची बैठक, एकदा मिलमध्ये, एकदा लॅबमध्ये. आकडे बांधीव वहीत, पान क्रमांकासह, शाईने, रोज सही करून. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आकडा मोबाइल बदलला की जातो.

प्रयोगाच्या दिवसांत मिलमध्ये दुसरे काही बदलू नका. तेलाचे प्रमाण तपासत असताना मुकादमाने चांगल्या मनाने रोलर घासून घेतला तर रिकव्हरी वाढेल आणि श्रेय तेलाला जाईल. त्याला आधी विश्वासात घ्या. फळ्यावर लिहून ठेवा : ‘या तारखेपर्यंत रोल, चाळणी, तेल बदलायचे नाही. बदललेच तर वहीत लिहा.’ दुसरी पंक्ती पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

‘काही फरक पडला नाही’ हे उत्तर आले तर हप्ता अडवू नका. काम झाले आहे, उत्तर नकारार्थी आहे. ते पैसे तुम्ही चुकीचे मशीन न घेण्यासाठी दिलेले असतात.

पायरी ९ : लॅबमधून मिलमध्ये

लॅबमध्ये २०० ग्रॅम तुरीवर ८२ टक्के निघाले म्हणून लगेच अख्ख्या शिफ्टवर लावू नका. २०० ग्रॅम दाणे सारखे भिजतात. वीस क्विंटलचा ढीग आतून गरम आणि वरून कोरडा असतो, त्यामुळे पाणी सारखे मुरत नाही. पायऱ्या चढा : आधी ५ किलो, मग एक क्विंटल, मग एक लॉट, मग सलग तीन दिवस. प्रत्येक पायरीला आकडा थोडा खाली येईल. ८२ चे ७८ झाले तरी ७५ पेक्षा तीन जास्तच आहेत, पण हा उतार आधीपासून धरला नसेल तर दोन्हीकडे तोंडे पडतात.

शेवटच्या अहवालाबरोबर तीन गोष्टी मागून घ्या : मराठीत लिहिलेली एक पानाची कार्यपद्धती, जी मुकादमाच्या टेबलावर लॅमिनेट करून लागेल, सगळ्या मोजणीची मूळ पत्रके, आणि सहायकाचे आठ दिवस, मिलमध्ये उभे राहून शिकवण्यासाठी. हे आठ दिवस करारात आधीच लिहून ठेवा. मेअखेर त्याचा पगार थांबतो, आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर तुमचे अंगणही बंद होते.